नामदेव : कच्च्या मडक्यापासून पायरीपर्यंत

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते, लोणी काळभोरचा मुक्काम आटोपते आणि आपल्या दौंड तालुक्यात शिरते. एक मुक्काम यवतला, दुसरा वरवंडला. यवतला घराघरांतून पिठलं-भाकरी येते आणि लाखाने मोजावी अशी माणसे एका पंगतीला जेवून उठतात. या वाटेवर एक रीत आहे. कोणी कोणाच्या पाया पडला, तर ज्याच्या पाया पडले तोही लगेच वाकतो. तिथे सावकार आणि सालगडी, गुरुजी आणि विद्यार्थी, म्हातारा आणि पोर असा भेद राहत नाही. सगळेच माउली. पण पालखी पुढे बारामतीकडे गेली की आपण पुन्हा आपापल्या जागी येतो. चौकात वाढदिवसाचे फलक लागतात, आणि कोणाचा चेहरा केवढा छापायचा यावरून भाऊबंदकी होते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींनी आपल्याकडे पैसा आणला, जमिनीला भाव आला आणि जमिनीबरोबर 'मी'लाही भाव आला. मग एका प्रहरापुरता वाकलेला माणूस कायमचा वाकतो तरी कसा? की वाकणे ही नुसती सवय असते, आणि आतला ताठा जिथल्या तिथे राहतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका माणसाचे चरित्र फार जवळचे वाटू लागले. वारकऱ्यांनी त्याला संतशिरोमणी म्हटले आणि पंजाबातल्या शिखांनी त्याची वाणी आपल्या धर्मग्रंथात घेतली. तो माणूस म्हणजे संत नामदेव. मराठीच्या तासाला आपण त्यांचे अभंग वाचतो, परीक्षेत त्यांच्यावर टिपा लिहितो. पण हे चरित्र मुळात एका अहंकाराच्या मोडण्याची हकिकत आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. जवळीकीचे दुसरे कारण घरगुती आहे. आमचे गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी. घरी शिलाईचे यंत्र आहे आणि वडिलांनी त्याच्यावर आमचे शिक्षण केले. नामदेवही शिंपीच.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधला, म्हणजे इसवी सन १२७० चा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराण्याचे मूळ गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी. जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बालपण आणि पुढचा संसार पंढरपुरात झाला, याविषयी वाद नाही. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे, आणि घरात लहानपणापासून राबणारी जनाबाई. या घरातल्या बहुतेक सर्वांच्या नावावर अभंग आहेत. एका शिंप्याच्या घरात सासू, सून, मुले आणि दासी असे सगळेच कवी व्हावेत, असे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

लहानपणीची कथा सर्वांना माहीत आहे. वडील परगावी गेले म्हणून नैवेद्य घेऊन लहानगा नामा देवळात गेला. देव जेवत नाही हे पाहून त्याने हट्ट धरला, डोके आपटण्याची तयारी केली, आणि विठ्ठल खरोखर जेवला. कथा भाविकांची आहे. तिच्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातले माणसाचे मन खरे आहे. ज्या मुलाच्या हातचे देव खातो, त्या मुलाला पुढे काय वाटेल? देव आपल्याशी बोलतो, आपण देवाचे लाडके आहोत, असेच वाटणार. पैशाचा अहंकार, जातीचा अहंकार, विद्येचा अहंकार हे सारे जाडेभरडे असतात, लांबूनही दिसतात. भक्तीचा अहंकार मात्र मलमलीसारखा तलम. अंगावर आहे हे घालणाऱ्यालाही कळत नाही.

पुढे ज्ञानेश्वर पंढरपूरला आले. ते नामदेवांपेक्षा पाच वर्षांनी लहान. दोघे मिळून तीर्थयात्रेला निघाले. मारवाडच्या वाळवंटात तहान लागली आणि विहीर फार खोल निघाली, ती कथा या यात्रेतलीच. ज्ञानेश्वर योगबळाने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांनी वरूनच विठ्ठलाचा धावा केला, तेव्हा विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. म्हणजे योगापेक्षा भक्ती थोर, असा कौल या कथेने दिला. एखाद्या तरुणाला एवढी कीर्ती मिळाल्यावर त्याच्या डोक्यात वारे शिरले नाही, तरच नवल.

आणि मग मडक्यांचा प्रसंग येतो. कथेचा क्रम सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण गाभा तोच राहतो. संतांचा मेळा जमला होता. त्यात तेरचे गोरा कुंभार वयाने वडील. मुक्ताबाईने त्यांना विचारले की काका, तुमच्या हातातले हे थापटणे कशासाठी असते? मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी, असे त्यांनी सांगितले. मग आम्हीही मडकीच आहोत, आम्हालाही पारखून पाहा, असे ती म्हणाली. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना राग आला. हा आपला अपमान आहे असे त्यांना वाटले. गोरोबांनी निर्णय दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

या प्रसंगात मला सर्वांत बोलकी वाटते ती निकालाची पद्धत. गोरोबांनी नामदेवांचे अभंग मोजले नाहीत, त्यांच्या कीर्तनाला किती लोक जमतात हे विचारले नाही, देव त्यांच्या हातचे जेवला होता हेही जमेला धरले नाही. फक्त टपली मारली आणि आवाज ऐकला. माणूस कसा आहे हे त्याला मान मिळतो तेव्हा कळत नाही. मान काढून घेतला की कळते. आपण सारे परीक्षेचे विद्यार्थी. गुण मोजणाऱ्या परीक्षा आपण पुष्कळ दिल्या, पण टपलीची परीक्षा कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि आयुष्यात मात्र ती रोज होते. वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याला बक्षीस जाते, आपल्यापेक्षा लहान वयाचा कोणी आपली चूक दाखवतो, गुरुजनांना वर्गात एखादा विद्यार्थी अवघड प्रश्न विचारतो. तेव्हा आतून कसला आवाज निघतो, तो ज्याचा त्याला ऐकू येतोच.

नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले. बालपणापासून जो हट्ट पुरवीत आला, तो याही वेळी आपली बाजू घेईल अशी त्यांची अपेक्षा असणार. पण विठ्ठलानेही गोरोबांचाच निकाल कायम केला आणि विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. परंपरा ही भेट औंढ्या नागनाथाच्या देवळात झाल्याचे सांगते. नामदेव तिथे पोहोचले तो समोर एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेव संतापले. म्हाताऱ्याने शांतपणे सांगितले की बाबा, माझ्याने पाय हलवत नाहीत. जिथे देव नाही अशा जागी तूच ते उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तो तिथेही पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. तेव्हा त्यांना उमगले की आपण ज्याला आपला देव म्हणत होतो, तो एका देवळापुरता आणि आपल्यापुरता नाही. 'माझा देव' या दोन शब्दांतला 'माझा' गळून पडला. विसोबांना त्यांनी गुरू केले.

या विसोबांचीही एक मागची गोष्ट आहे आणि ती विसरून चालणार नाही. हेच विसोबा पूर्वी ज्ञानेश्वर भावंडांची कुचेष्टा करणाऱ्यांत पुढे होते. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले, हे पाहून त्यांचा ताठा वितळला, असे सांगतात. म्हणजे ज्याने नामदेवांचा अहंकार घालवला, त्याचा स्वतःचा अहंकार आधी एका लहान मुलीपुढे गेला होता. ज्याचे स्वतःचे कधी मोडले नाही, त्याला दुसऱ्याचे घडवता येत नाही. आमच्या धंद्यातही हेच आहे. जुना सदरा बेतात आणायचा तर आधी टीप उसवावी लागते. उसवण्याची भीती बाळगणाऱ्याला शिवता येत नाही.

शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ भावंडेही गेली. नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते; त्यानंतर ते चोपन्न वर्षे जगले. या काळात त्यांनी जे केले त्यात गुरूचा धडा स्पष्ट दिसतो. ज्ञानेश्वरांचे पहिले चरित्र त्यांनी लिहिले : आदी, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत. स्वतःची थोरवी गाण्याची एवढी सोय असताना त्यांनी लेखणी दुसऱ्याच्या आयुष्यासाठी झिजवली. घरात राबणाऱ्या जनाबाईचे अभंग आज नामदेवांच्या गाथेत त्यांच्या अभंगांशेजारी आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखामेळा गेले. परंपरा तो काळ १३३८ चा मानते. त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव स्वतः गेले, त्या पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याची हाडे नामदेवांनी आपल्या हातांनी वेचली.

येथे एक शंका उभी राहते, आणि ती मला स्वतःला पुष्कळ दिवस छळत होती. अहंकार सोडा हा उपदेश करतो कोण आणि कोणाला? गावात शिंप्याचा पोर म्हणून कोणी हिणवले, आणि त्यावर मान ताठ केली, तर तोही अहंकारच का? ज्यांच्या पिढ्या वाकण्यातच गेल्या, त्यांना आणखी वाका म्हणून सांगणे म्हणजे जखमेवर मीठच की. या शंकेला नामदेवांच्या चरित्रातच उत्तर आहे, आणि ते शिखांच्या ग्रंथाने जपून ठेवले आहे. देवळात भजन करीत असता हलक्या जातीचा म्हणून त्यांना उठवून लावले, याची व्यथा नामदेवांच्या तिथल्या एका पदात आहे. ते भांडले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत. घोंगडी उचलून ते देवळाच्या पाठीमागे जाऊन बसले आणि भजन तसेच चालू ठेवले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. ही कथा औंढ्यालाही सांगतात. दुसऱ्या एका पदात बादशहाने मेलेली गाय जिवंत करून दाखव म्हणून धमकावल्याची हकिकत आहे; तिथेही नामदेव डगमगले नाहीत. गोरोबांच्या थापटण्याखाली कच्चा ठरलेला हाच माणूस सत्तेच्या धाकाखाली पक्का निघाला. तेव्हा अहंकार वेगळा आणि स्वाभिमान वेगळा. अहंकाराला दुसऱ्यापेक्षा उंच व्हायचे असते. स्वाभिमानाला फक्त आपल्या जागेवरून हुसकले जायचे नसते. 'मी' गेलेल्या माणसाला कोणी हिणवूनही लहान करू शकत नाही, म्हणून तो अधिक निर्भय होतो.

उत्तरायुष्यात नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. तिथे त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली, असे तिथली परंपरा सांगते. आजही माघाच्या आरंभी, जानेवारीच्या मध्यास, तिथे बाबा नामदेवांच्या नावाने मेळा भरतो. आपले ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१५ साली याच घुमानला भरले. अध्यक्षस्थानी संतसाहित्याचे अभ्यासक सदानंद मोरे होते. पंढरपूरच्या एका शिंप्याने परक्या मुलखात, परक्या भाषेत पदे रचली. आपली भाषा, आपली कीर्ती, आपले गाव सगळे मागे ठेवून नव्याने सुरुवात करणे हेही 'मी' उतरवल्याशिवाय जमणारे नाही.

नामदेवांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १४६९ साली, गुरू नानकांचा जन्म झाला. मनुष्याच्या मूळ दुखण्याला शिखांनी 'हौमै' असे नाव दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर मीपणा. नानकांच्या शिकवणीत हा जुनाट रोग आहे, पण त्याचे औषधही माणसाच्या आतच आहे. नामस्मरण, सत्संग आणि सेवा ही त्याची मात्रा. विसोबांच्या पायांसारखीच कथा नानकांविषयीही सांगतात, हे पाहून मला फार आश्चर्य वाटले. मक्केत ते काबागृहाकडे पाय करून निजले असता कोणी रागावले, तेव्हा जिकडे देव नाही तिकडे माझे पाय वळवा, असे त्यांनी नम्रपणे सुचवले. औंढा कुठे आणि मक्का कुठे! पण दोन्हीकडे शिकवण एकच.

शीख गुरूंनी ही शिकवण आचरणात कशी उतरवली, हेही पाहण्यासारखे आहे. नानकांनी गादी आपल्या मुलांना न देता लहणा नावाच्या सेवकाला दिली. तेच गुरू अंगद. तिसरे गुरू अमरदास साठी ओलांडल्यावर गुरू अंगदांकडे आले. गुरू शिष्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. तरी या म्हाताऱ्या शिष्याने पहाटे बियास नदीचे पाणी आणून गुरूला स्नान घालण्याचे काम बारा वर्षे केले. १५५२ मध्ये ते स्वतः गुरू झाले, तेव्हा आधी पंगतीला बसायचे, मग गुरूची भेट घ्यायची, असा नियम त्यांनी घातला. पुढे १६९९ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग यांनी पाच जणांना अमृत दिले आणि मग त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः अमृत घेतले. गुरू शिष्यांचा शिष्य झाला. त्या पाचांत बिदरचा एक न्हावी होता, आणि द्वारकेचा मोहकमचंद हा छिंपा, म्हणजे कापड छापण्या-शिवण्याचा धंदा करणाऱ्या जातीतला होता. पंजाबातले छिंपे नामदेवांना आपले मानतात.

पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. गुरूंच्या वाणीबरोबर त्यांनी पंधरा भगतांची वाणी त्यात घेतली : कबीर विणकर, रविदास चर्मकार, शेख फरीद सुफी मुसलमान आणि आपले नामदेव शिंपी. नामदेवांची एकसष्ट पदे त्यात आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंग आपल्या मराठवाड्यात, नांदेडला होते. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आपल्यामागे कोणी व्यक्ती गुरू न राहता हा ग्रंथच गुरू राहील, असे ठरवून दिले. अहंकारावर याहून मोठा इलाज कोणता? गादीच माणसाकडून काढून घेतली. आज जगात कुठेही एखादा शीख ग्रंथसाहेबापुढे माथा टेकतो, तेव्हा तो नामदेवांपुढेही टेकतो.

मी मागे नांदेडला जाऊन आलो. जाताना औंढा आणि नरसी पाहिले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. ती भव्य आहे, परंतु माझ्या मनात राहिली ती बाहेरची जोड्यांची जागा. चांगल्या घरचे वाटणारे एक वृद्ध सरदारजी आल्यागेल्याचे जोडे उचलून ठेवत होते, पुसत होते. ते कोण, काय करतात, हे तिथे कोणी विचारीत नव्हते. लंगरच्या पंगतीत माझ्या एका बाजूला मालमोटारीचा चालक आणि दुसऱ्या बाजूला शहरातले एक डॉक्टर होते. यवतच्या पिठलं-भाकरीची चव तिथल्या डाळ-रोटीला होती. फरक एवढाच की आपल्याकडे ही पंगत वर्षातून एकदा बसते आणि तिथे रोज बसते. मीपणा रोज साचतो, म्हणून झाडूही रोजच मारावा लागतो, ही गोष्ट शीख गुरूंनी नेमकी ओळखली होती.

शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी पंढरपूरला कुटुंबीयांसह समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. घुमानचे लोक मात्र त्यांनी देह तिथेच ठेवला असे मानतात. दोन मुलूख एका माणसावर असा हक्क सांगतात, ही त्या माणसाची मिळकत. पंढरपुरात त्यांची समाधी आहे ती महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी. संतांचे पाय आपल्याला लागावेत, ही त्यांची इच्छा होती असे सांगतात. ज्याला एके काळी डोक्यावर टपली सोसवली नाही, त्याने अखेरीस आपल्या डोक्यावरून सगळ्या जगाला चालण्याची वाट करून दिली. आणि त्या पायरीच्या समोरच चोखोबा आहेत.

शिरूरची घोडनदी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पुढे जाते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते. वाटेत तिला कोणी तिचे नाव विचारीत नाही आणि तिनेही ते कुठे धरून ठेवलेले नाही. आपण यंदा पदवी घेऊन बाहेर पडू. नावापुढे दोन-तीन अक्षरे लागतील, कोणाला नोकरी मिळेल, कोणाला मान मिळेल. तो अवश्य मिळवावा; नामदेवांनीही कीर्ती टाळली नाही. मात्र कधीतरी कुणाचे थापटणे डोक्यावर बसेल, तेव्हा रागावण्याआधी आतला आवाज ऐकण्याइतकी उसंत आपल्यापाशी असावी. मडके कच्चे निघाले तर लाज वाटण्याचे कारण नाही; नामदेवांचेही निघाले होते. आवा अजून पेटलेला आहे.